नंबर पोर्ट होतो, ग्रुप का होत नाही?

२०२५ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. जयसिंगपूरची मावशी सकाळच्या एस्टीनं आमच्याकडं राजारामपुरीत आली. पिशवीत आधार कार्ड, चष्म्याचं घर आणि फोन. पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "आरं, ह्यो नंबर दुसऱ्या कंपनीत घालून दे. गल्लीत सगळ्यांनी केलंय, मीच राह्यलोय."

का ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात १९९२ पासून महादेवी नावाची हत्तीण होती. तिला माधुरीही म्हणतात. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तिला गुजरातेत जामनगरच्या केंद्रात हलवायचा आदेश दिला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानंही मठाची बाजू मान्य केली नाही आणि त्याच रात्री हत्तीण गावातून निघाली. ते केंद्र वनताराशी जोडलेलं. वनतारा म्हणजे अंबानींचा प्राणी सांभाळायचा प्रकल्प, आणि जिओही अंबानींचीच. हा धागा लोकांनी एका रात्रीत जोडला आणि दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या फोनवर एकच निरोप फिरायला लागला: नंबर पोर्ट करा. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर अशी सुमारे ४५ किलोमीटरची पदयात्रा निघाली, तीही मूक. त्या गर्दीतल्या कित्येकांनी आदल्या दोन दिवसांत सिम बदललेलं होतं.

हत्तिणीच्या बाबतीत माझं मत एवढंच आहे की न्यायालयापुढचे तिच्या प्रकृतीचे अहवाल वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावानं लावलेली मायाही खोटी नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण या लेखाचा विषय हत्तीण नाही. त्या आठवड्यात ज्या हत्यारानं लोक लढले ते हत्यार नेमकं कसं चालतं, आणि तसंच दुसरं हत्यार आपल्या हातात का नाही, हे मला सांगायचं आहे. कारण मावशीनं दुपारी मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही.

आधी पोर्टिंग.

कृती सोपी आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहायचं, एक जागा सोडायची, आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० ला एसेमेस करायचा. थोड्या वेळात आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. तो आपल्याकडं चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, ओळख पटवायची, नवं सिम घ्यायचं. मोबाइलसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल आहे, मुंबई वेगळं. एकाच सर्कलमध्ये कंपनी बदलायची तर तीन कामाचे दिवस लागतात. निपाणीचा पाहुणा कर्नाटकातला नंबर घेऊन इकडं येणार असेल तर पाच. खर्च साडेसहा रुपयांच्या आत, तोही बहुतेक वेळा नवी कंपनीच सोसते. काही तास फोन मुका होतो आणि मग नवं सिम जिवंत होतं. जुन्या प्रीपेडमधली शिल्लक आणि उरलेले दिवस मात्र बुडतात, म्हणून रिचार्ज संपत आल्यावर पोर्ट करणं शहाणपणाचं.

इथपर्यंत दुकानातला कुठलाही पोरगा सांगेल. खरी गंमत पुढं आहे: नंबर तोच राहून कंपनी बदलते, मग तुम्हाला लावलेला फोन बरोबर नव्या ठिकाणी पोचतो कसा?

पूर्वी नंबरावरूनच कंपनी कळायची. ९४२२० म्हटलं की बीएसएनएल, हे आमच्या आण्णांच्या वयाच्या माणसाला अजून पाठ आहे. पहिले आकडे म्हणजे कंपनीचा पत्ता, उरलेले म्हणजे तुमचं घर. त्यामुळं कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा. आणि नंबर सोडायचा म्हणजे दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, पावती पुस्तकावर छापलेला, टेम्पोच्या मागं लिहिलेला, सगळ्या पाहुण्यांच्या डायरीत असलेला नंबर सोडायचा. कोण सोडेल? रेंज येवो न येवो, दर वाढो, माणूस तिथंच राहायचा.

आता पहिल्या आकड्यांवर कुणी विसंबत नाही. पोर्ट झालेल्या नंबरांची एक मोठी वही आहे असं समजा. देशाचे दोन भाग केलेत आणि प्रत्येक भागातलं पोर्टिंग सांभाळायला सरकारचा परवाना असलेली वेगळी संस्था आहे. ती ना जिओची, ना एअरटेलची. तुम्ही पोर्ट झालात की वहीत नोंद बदलते आणि तिची प्रत सगळ्या कंपन्यांकडं जाते. मी तुम्हाला फोन लावला की माझी कंपनी आधी ती वही बघते: हा नंबर हल्ली कुणाकडं नांदतोय? उत्तर मिळालं की त्या कंपनीचा एक छुपा क्रमांक पुढं जोडला जातो आणि कॉल तिकडं वळतो. हे सगळं तुमच्या फोनची घंटी वाजायच्या आत होतं.

ही वही आपोआप तयार झाली नाही. कुठल्याही कंपनीला आपलं गिऱ्हाईक सुखासुखी सोडायचं नसतं. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्रायनं २००९ मध्ये नियम केले, २०१० च्या नोव्हेंबरात हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ ला सगळ्या देशात. तेव्हाही फक्त आपल्या सर्कलपुरतं. देशात कुठंही नंबर नेता यायला ३ जुलै २०१५ उजाडला.

आपल्या भागात हे समजावून सांगायला दुसऱ्या उदाहरणाची गरजच नाही. उसाची झोनबंदी आठवा. ज्या कारखान्याच्या हद्दीत तुमचं रान, त्यालाच ऊस घालायचा. शेजारचा कारखाना टनाला जास्त देत असला तरी बघत बसायचं. मग कारखाना दर का वाढवेल? तोडीला टोळी वेळेवर का पाठवेल? शेतकऱ्यांनी झोनबंदी उठवायसाठी आंदोलनं केली ती एवढ्याचसाठी. प्रत्येक जण रोज कारखाना बदलणार होता असं नाही, पण बदलता येतं हे चेअरमनला माहीत असलं की तो वेगळ्या सुरात बोलतो. २०२३ च्या सप्टेंबरात परराज्यात ऊस न्यायला बंदी घालणारा आदेश निघाला तेव्हा शेतकरी एवढे का पेटले आणि सरकारला तो मागं का घ्यावा लागला, याचं कारणही हेच. जाता येणं ही मोठी ताकद आहे. नंबर पोर्टिंग म्हणजे मोबाइलमधली झोनबंदी उठणं.

मावशीचा नंबर त्या दिवशी सरळ गेला. आण्णांचा गेला नव्हता, त्याची गोष्ट सांगतो, कारण नियम त्यातून कळतात. वर्षभरापूर्वी त्यांचा पोस्टपेड नंबर दुसरीकडं न्यायचा होता. १९०० ला एसेमेस केला तर कोडाऐवजी नकार आला. कंपनीच्या ॲपवर बाकी शून्य दिसत होती. तीन दिवस फोन, दोन फेऱ्या, आणि शेवटी काउंटरवरच्या मुलीनं आत कुठंतरी बघून सांगितलं, "अकरा रुपये बाकी दिसतंय सर." अकरा रुपये भरले, पावती घेतली, दुसऱ्या दिवशी कोड आला. मला राग अकरा रुपयांचा नव्हता. बाकी किती आणि कशाची, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही पण त्याची वाट मात्र अडवते, याचा होता.

डिसेंबर २०१९ पासून कोड द्यायच्या आधीच या गोष्टी तपासल्या जातात: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेत का, पोस्टपेडची बाकी आहे का, नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज पडून आहे का, कोर्टकज्जा आहे का. सगळं ठीक असेल तरच कोड. पूर्वी कोड मिळायचा आणि अर्ज मागाहून फेटाळला जायचा, त्यापेक्षा हे बरं. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली: नुकतंच डुप्लिकेट सिम घेतलं असेल तर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. ही अट लोकांना जाचक वाटते, पण ती आपल्याच बाजूची आहे. चोर आधी तुमच्या नावानं डुप्लिकेट सिम काढतो, बँकेचे ओटीपी आपल्याकडं वळवतो आणि लगेच नंबर दुसऱ्या कंपनीत नेतो, म्हणजे जुन्या कंपनीकडं तक्रार करून उपयोग होऊ नये. सात दिवसांत खऱ्या मालकाला आपला फोन बंद का पडला हे शोधायला वेळ मिळतो.

त्या आठवड्यातल्या घाईत मला काळजी होती ती याचीच. रस्त्याकडेला छत्री लावून सिम विकणाऱ्यांकडं लोक रांगेत उभे होते, आधार एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं. भावना खरी असली तरी पोर्टचा कोड हा ओटीपीसारखाच जपायचा असतो. फोनवरून कुणी मागितला तर द्यायचा नाही. आणि आपल्या आधारवर किती नंबर चालू आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फुकट बघता येतं. मावशीचं बघितलं तर दोन निघाले, दुसरा माझ्या मावसभावाचा होता म्हणून जीव भांड्यात पडला.

आता या हत्यारानं किती काम केलं? इतके लाख गेले, तितके लाख गेले असे आकडे तेव्हा फिरत होते. त्यांवर मी विश्वास ठेवला नाही, तुम्हीही ठेवू नका. ट्राय पोर्टिंगच्या विनंत्यांचे आकडे सर्कलवार देते, जिल्हावार नाही. कोल्हापुराचा आकडा त्या तक्त्यात दिसतच नाही, तो अख्ख्या महाराष्ट्रात विरघळलेला असतो. दिसलं ते एवढं की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच वनताराकडून बोलणी सुरू झाली, हत्तीण परत आणायच्या मठाच्या मागणीला पाठिंबा आणि नांदणीजवळ पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी त्यांनी दाखवली. ते पदयात्रेमुळं की सिममुळं, हे वेगळं काढता येणार नाही. माझ्या मते दोन्हींमुळं. रस्त्यावरची माणसं सरकारला दिसतात, सिम टाकणारी माणसं कंपनीला दिसतात.

पण झोनबंदी उठली तरी कारखाने किती आहेत हेही बघावं लागतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली तेव्हा देशात ढीगभर कंपन्या होत्या. एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स यांतली आज एकही उरलेली नाही. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या आणि त्या एकत्र कंपनीचे जवळपास निम्मे समभाग २०२५ पासून केंद्र सरकारकडं आहेत. म्हणजे जायला जागा तीन: एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले होते. चिडलेले लोक बीएसएनएलकडं वळले, पुढचे काही महिने तिचे ग्राहक वाढले, आणि मग बऱ्याच जणांना रेंजनं परत पाठवलं. आमच्या घरात मधल्या खोलीत बीएसएनएलची एकच कांडी येते, ती पण खिडकीशी उभं राहिलं तर.

दुपारी जेवणं झाली, मावशी पलंगावर टेकली आणि फोन बघत म्हणाली, "हे बेस झालं. आता आमचा स्वाध्यायाचा ग्रुप बी पोर्ट करून दे. भाचीनं सांगितलंय, व्हॉट्सॲपवाल्याचा बी त्यात वाटा हाय म्हणं."

भाचीचं बरोबर होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकनं ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समधला ९.९९ टक्के हिस्सा घेतला. व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकचं, म्हणजे आजच्या मेटाचं. 'जिओ सोडा' हा निरोप ज्या वाटेनं जिल्हाभर गेला, त्या वाटेचा मालक जिओचा भागीदार आहे. यात मेटानं काही वावगं केलं असं मी म्हणत नाही. पण लोकांना एका दारातून बाहेर पडता आलं आणि दुसऱ्या दारातून पडता येणार नाही, हे मावशीच्या एका वाक्यानं माझ्यापुढं ठेवलं.

ग्रुप पोर्ट का होत नाही? तंत्र नाही म्हणून? तसं नाही. वही नाही म्हणून.

एअरटेलचा माणूस जिओच्या माणसाला फोन लावू शकतो, कारण दोन्ही कंपन्यांना एकमेकींचे कॉल घ्यायलाच लागतात, तशी सक्ती आहे. व्हॉट्सॲपवरून सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपवर निरोप जात नाही, कारण तशी सक्ती आपल्याकडं कुणी केलेली नाही. तुम्ही ॲप बदललं की मागची सगळी माणसं मागंच राहतात. जुन्या गप्पांची फाइल काढून नेता येते, पण गप्पा नेऊन काय करायचं, माणसं तिकडंच. तालीम सोडून एकट्यानं दुसरीकडं जाऊन जोर मारण्यासारखं आहे ते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नवं धोरण आणलं तेव्हा आमच्या गल्लीच्या ग्रुपातल्या अकरा जणांनी सिग्नल घेतलं होतं, मीही त्यात होतो. पंधरा दिवस आम्ही अकरा जण एकमेकांना शुभ सकाळ म्हणत होतो. पाणी कधी येणार, वर्गणी कुठं द्यायची, कुणाच्या घरी दुःख झालं, हे सगळं जुन्याच ग्रुपवर. पंधरा दिवसांनी आम्ही परत आलो. धोरण पटलं म्हणून नाही, माणसं तिकडं होती म्हणून.

पैशाच्या बाबतीत हाच अडथळा आपण ओलांडलाय. यूपीआय यायच्या आधी मोबाइलमधली पाकिटं बंदिस्त होती, एका कंपनीच्या पाकिटातले पैसे दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात जात नसत. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि मिसळवाल्याचा क्यूआर फोनपेचा आहे की गुगल पेचा, हे बघायचंच आपण सोडून दिलं. ॲप आवडलं नाही तर दुसरं टाकायचं, खातं तेच, मिसळवाला तोच. एका मधल्या संस्थेनं, एनपीसीआयनं, सगळ्यांना एका भाषेत बोलायला लावलं.

निरोपांच्या बाबतीत हे जास्त अवघड आहे, ते मान्य करतो. पैशाचा व्यवहार बँकेला दिसलाच पाहिजे, निरोप मात्र मधल्या कुणालाही दिसता कामा नये. व्हॉट्सॲपवर निरोप तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते. दोन वेगळ्या ॲपांनी बोलायचं तर दोघांनी एकाच जातीचं कुलूप वापरायला हवं, किल्ली खऱ्या माणसाकडंच गेली याची खात्री करायला हवी आणि फसवणूक करणाऱ्यांचा लोंढा दुसऱ्या दारानं आत येणार नाही हेही बघायला हवं. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. युरोपियन युनियननं डिजिटल मार्केट्स ॲक्ट केला, त्यातली बंधनं ७ मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांवर लागू झाली. व्हॉट्सॲपनं दुसऱ्या ॲपांसाठी दार उघडायचं, आधी एकास एक निरोपांसाठी, मग ग्रुपसाठी, त्यानंतर कॉलसाठी, असा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रमच त्या कायद्यात आहे. जे तिकडच्या व्हॉट्सॲपला करावं लागतं ते इकडच्या व्हॉट्सॲपला करता येत नाही, हे मला पटत नाही.

आपल्याकडं काय आहे? २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडं नेण्याचा हक्क लिहिलेला होता. २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात तो नाही. डिजिटल स्पर्धेच्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये लोकांपुढं ठेवला गेला, त्याचा कायदा झालेला नाही. या गोष्टींवर आपल्याकडं ना सभा होते ना कुणी निवेदन देतं. उसाच्या दरावर जो माणूस तासभर आकडे तोंडपाठ सांगतो, त्याला हा आपला विषय आहे असं वाटतच नाही. पण आज गावाची चावडी त्या ग्रुपवर भरते. पूर आला की पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागली की ४३ च्या धोक्याला, हे आपण आधी तिथंच बघतो. निवडणुकीचा प्रचार तिथं, भांडणं तिथं, आणि जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं, तेही तिथलंच. एवढी मोठी चावडी एकाच मालकाच्या आवारात असावी आणि बाहेर पडायची वाट नसावी, ही मला हत्तिणीच्या प्रकरणाइतकीच गावाची गोष्ट वाटते. पुढच्या खेपेला खासदार गल्लीत आले की मी त्यांना गटारीबरोबर हेही विचारणार आहे.

हे सगळं मावशीला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. तिला म्हटलं, "ग्रुप न्हाई हलत मावशी. नंबर तेवढे हलतात." तिनं थोडा विचार केला आणि पिशवीतून वही काढली, घरखर्चाची, मागची पानं कोरी होती. ग्रुपच्या यादीतून मी एकेक नाव वाचत गेलो आणि ती लिहीत गेली. बासष्ट बायका. काहींची नावं फोनमध्ये नुसतीच 'दूधवाली काकू', 'मठाजवळची' अशी होती, ती तिनं आठवून नीट लिहिली. एकीचा नंबर दोनदा तपासला. चार वाजता संपलं. सहाच्या एस्टीला मी तिला सोडायला गेलो तेव्हा वही तिनं पिशवीत आधार कार्डाच्या खाली ठेवली होती.